लोकअदालतीच्या रांगेत उभे राहण्यापूर्वी चलान नीट वाचा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय लोकअदालतीची तारीख जवळ आली की वाहनमालकांच्या मोबाइलवर संदेशांचा मारा सुरू होतो आणि 'थकीत ई-चलान मिटवण्याची संधी' अशा मथळ्याच्या बातम्या येतात. सिग्नल तोडला असेल, हेल्मेट घातले नसेल, तर पैसे भरून मोकळे व्हावे. त्यात वादाचे काही नाही. पण त्याच रांगेत असेही लोक उभे असतात ज्यांच्या चलानावर दुसऱ्याच्याच गाडीचा फोटो आहे, किंवा ज्या पाटीखाली गाडी लावल्याचा दंड झाला ती पाटीच जागेवर नाही. 'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' हे लहानपणापासून कानांवर पडलेले, त्यामुळे पाचशे रुपये गेले तर गेले, कटकट नको, असा हिशेब होतो. वाहतुकीच्या खटल्यापुरती तरी ही पायरी फार उंच नाही. आरोपी स्वतः उभा राहू शकतो, वकीलपत्र लागत नाही आणि महाराष्ट्रातल्या कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी असल्यामुळे अर्जही मराठीत चालतात. लागते ती कागदांची तयारी, आणि ती चलान आल्याच्या आठवड्यातच सुरू करावी लागते.

आधी लोकअदालतीबद्दलचा एक गैरसमज. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली चालणारे ते तडजोडीचे व्यासपीठ आहे. गुन्हा घडला की नाही, गाडी तुमची होती की नव्हती, हे तिथे ठरत नाही, रक्कम ठरते. तडजोड झाली की निवाडा अंतिम होतो आणि कलम २१ प्रमाणे त्यावर अपील चालत नाही. चलान न्यायालयात दाखल होण्यापूर्वी लोकअदालतीची जी नोटीस येते ती समन्स नसते. तिला गेला नाहीत म्हणून वॉरंट निघत नाही. पोर्टलवर पैसे भरणे हाही तडजोडीचाच प्रकार, मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० खालचा. एकदा भरले की प्रकरण बंद, मग 'फोटो माझ्या गाडीचा नव्हता' हे सांगायला जागाच उरत नाही. म्हणून लढायचे असेल तर भरू नका. 'आधी भरून टाकू, मग तक्रार करू' या विचाराने बरीच चांगली प्रकरणे हातची जातात.

संदेश आला की त्यातल्या दुव्यावर बोट ठेवू नका, आणि व्हॉट्सअॅपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल आली तर ती उघडूच नका. त्या फाइलींनी अनेकांची बँक खाती रिकामी केली आहेत. महाट्रॅफिकचे, म्हणजे राज्याच्या वाहतूक पोलिसांचे, संकेतस्थळ किंवा अॅप स्वतः उघडावे, गाडीचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे ४ आकडे टाकावेत, चलान आणि त्यासोबतचा फोटो उतरवून घ्यावा. स्क्रीनवर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉटही ठेवावा.

आता तो फोटो मोठा करून पाहा. निम्मा निकाल इथेच लागतो. क्रमांक ओळखताना इंग्रजी 'बी' आणि ८, 'डी' आणि ०, 'एस' आणि ५ यांची गल्लत होते; पाटीवर चिखल असेल किंवा एक स्क्रू आकड्यावर आला असेल तर हमखास. क्रमांक जुळत असेल तर गाडी जुळते का ते पाहा: रंग, कंपनीचे चिन्ह, आरशांचा आकार, क्रॅशगार्ड, सीटकव्हर, मागच्या काचेवरचे स्टिकर. बनावट नंबरप्लेटचे प्रकरण असेल तर फरक अशाच बारक्या गोष्टींत सापडतो. तसा संशय आला तर चलानाची तक्रार बाजूला ठेवून आधी पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोहोच घ्या, कारण उद्या तोच क्रमांक एखाद्या अपघातातही निघू शकतो.

सिग्नलच्या चलानात नुसता 'चौकाच्या मधोमध गाडी आणि वर लाल दिवा' असा एकच फोटो असेल तर तो काही सिद्ध करत नाही. हिरव्यावर शिरलेली गाडी पुढच्या कोंडीत अडकली तरी नेमका हाच फोटो निघतो. नीट पुराव्यात दोन फोटो हवेत: पहिल्यात दिवा लाल आणि गाडी थांबरेषेच्या मागे, दुसऱ्यात दिवा लालच आणि गाडी रेषेच्या पुढे. दोन्हींवर वेळ हवी आणि तो दिवा तुमच्या बाजूचा हवा. उजवीकडे वळणाऱ्यांसाठी वेगळा बाण असलेल्या चौकांत चुकीच्या दिव्याशी तुलना झाल्याची शक्यता तपासावी. रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी रेषा ओलांडली असेल तर मागे-पुढे काही सेकंदांचे चित्रण लागते, आणि ते लवकर मागावे लागते.

पार्किंगच्या चलानात पाटी फोटोत दिसते का, हा पहिला प्रश्न. दिसत नसेल तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, त्या जागी जाऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी फोटो काढा. जवळच्या दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा क्रमांक चौकटीत येऊ द्या, म्हणजे जागा पटते. झाडाच्या फांदीआड गेलेली पाटी हाही मुद्दा आहे, पण फांदी छाटली गेली की तो संपला. सम-विषम तारखेच्या पी-१, पी-२ रस्त्यांवर आणखी एक घोळ होतो. फोटो एका तारखेला काढलेला असतो आणि चलान दुसऱ्या दिवशी चढवले जाते. तेव्हा फोटोवरची तारीख, चलानावरची गुन्ह्याची तारीख आणि चलान तयार झाल्याची तारीख, या तिन्ही वहीत वेगवेगळ्या लिहून काढा.

विमा किंवा पीयूसी नसल्याचे चलान बहुतेकदा 'वाहन' पोर्टलवर माहिती वेळेत न चढल्यामुळे होते. पॉलिसी त्या तारखेला चालू होती हे दाखवणारी प्रत असेल तर हे प्रकरण तक्रारीच्या पातळीवरच संपायला हवे. पॉलिसीवर सुरू होण्याची तारीखच नाही तर वेळही छापलेली असते, ती पाहा. दुपारी दोनला चलान आणि संध्याकाळी पाचला नूतनीकरण असेल तर मुकाट्याने दंड भरा.

कायद्यातल्या ज्या तरतुदींवर अशी प्रकरणे फिरतात, त्या पोस्टर लावून कोणी सांगत नाही.

कॅमेऱ्याने केलेल्या चलानासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली नियम १६७अ आला. यंत्राला राज्याच्या नियुक्त प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र हवे आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे. कॅमेऱ्याच्या टापूआधी ठळक सूचनाफलक हवा. चलानासोबत गुन्हा आणि नंबरप्लेट स्पष्ट दिसणारा फोटो, यंत्राने घेतलेले मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण, मोडलेले कलम आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र हवे. नोटीस घटनेपासून १५ दिवसांत धाडायची असते आणि चित्रण चलानाचा निकाल लागेपर्यंत जपायचे असते. आपल्याला आलेले चलान शेजारी ठेवून ही यादी एकदा ताडून पाहावी.

वेगाच्या आणि धोकादायक चालवण्याच्या गुन्ह्यांना, म्हणजे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८३ आणि १८४ ला, त्याच कायद्याच्या कलम २०९ चे आणखी एक कुंपण आहे. जागेवरच 'तुमच्यावर खटला होऊ शकतो' अशी ताकीद दिलेली असावी, किंवा घटनेपासून १४ दिवसांत गुन्ह्याचे स्वरूप, वेळ आणि ठिकाण सांगणारी नोटीस चालकाला वा नोंदणीकृत मालकाला बजावलेली किंवा नोंदणीकृत टपालाने पाठवलेली असावी, किंवा २८ दिवसांत समन्स बजावलेले असावे. यांतले काहीच झाले नसेल तर दोषी ठरवता येत नाही. मात्र याला अपवाद आहे: मालकाचा पत्ता वाजवी प्रयत्न करूनही मिळाला नाही, किंवा आरोपीच्याच वागण्यामुळे नोटीस पोहोचली नाही, असे न्यायालयाला वाटले तर हा बचाव चालत नाही. म्हणूनच घर बदलल्यावर आरसी बुकावरचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक बदलून न घेणाऱ्यांची इथे पंचाईत होते. नोटीस जुन्या पत्त्यावर गेलेली असते आणि ती न मिळाल्याचा दोष त्यांच्याच पदरात पडतो.

वेगाबद्दल कलम १८३ मध्येच एक साधी अट आहे. एकट्या साक्षीदाराच्या 'माझ्या मते गाडी जोरात होती' या मतावर शिक्षा होत नाही. ते मत यंत्राच्या मोजमापावर आधारलेले दाखवावे लागते. त्या रस्त्यावरची वेगमर्यादाही अधिसूचित असावी लागते आणि तशी पाटी लावलेली असावी लागते. काही मार्गांवर कॅमेरे बसवलेल्या दोन कमानींमधल्या अंतराला लागलेल्या वेळेवरून सरासरी वेग काढतात. १० किलोमीटरला ३६० सेकंद म्हणजे ताशी १००. दोन्ही ठिकाणच्या घड्याळांत १० सेकंदांचा फरक असेल आणि नोंद ३५० सेकंदांची झाली, तर तोच वेग १०२.९ दिसतो. मर्यादेच्या जेमतेम वर असलेल्या चलानात दोन्ही यंत्रांची तपासणी कधी झाली, हे विचारण्यात म्हणूनच अर्थ आहे. ताशी १३० दाखवले असेल तर घड्याळाच्या नादी लागू नका.

मुदतीचा मुद्दा सगळ्यात कमी लोकांना ठाऊक असतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५१४ प्रमाणे फक्त दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने ६ महिन्यांनंतर घ्यायची नसते. एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्यासाठी ही मुदत एक वर्ष. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हेच कलम ४६८ होते. हेल्मेट, सीटबेल्ट, साधे पार्किंग, वेग हे फक्त दंडाचे गुन्हे. चार-पाच वर्षांपूर्वीची चलाने न्यायालयात कधी दाखलच झाली नसतील तर त्यांवर खटला उभा राहणे कठीण आहे. अर्थात सबळ कारण दाखवून उशीर माफ करून घेण्याची वाट कलम ५१९ मध्ये आहे, आणि खटला मुदतबाह्य झाला तरी पोर्टलवरची लाल ओळ आपोआप पुसली जात नाही. गाडी विकायला काढली की ती ओळ आडवी येते. यासाठी वाहतूक शाखेला 'हे चलान न्यायालयात दाखल झाले आहे काय, असल्यास खटला क्रमांक व दाखल तारीख द्यावी' असा लेखी अर्ज द्या. उत्तर काहीही आले तरी ते कामाचे असते.

न्यायालयात जाण्याआधी तीन कागद तयार हवेत. पहिला, पोर्टलवरच्या तक्रारीची नोंद: चलान क्रमांक, एका वाक्यात हरकत, सोबत फोटो. मोठा निबंध लिहू नये. 'चलानातील वाहन लाल आहे, माझे वाहन आरसीप्रमाणे राखाडी आहे, दोन्ही फोटो जोडले आहेत' एवढे पुरते. दुसरा, तोच मजकूर वाहतूक शाखेत लेखी देऊन शिक्का-सहीनिशी घेतलेली पोहोच, आणि त्यातच 'हरकत मान्य नसल्यास चलान न्यायालयात पाठवावे, मला गुन्हा मान्य नाही' हे वाक्य. हे वाक्य महत्त्वाचे आहे. बरेच जण नुसते चलान घेऊन न्यायालयात जातात आणि खिडकीवर 'खटला क्रमांक काय?' या प्रश्नाला अडतात. पोलिसांनी प्रकरण दाखल केल्याशिवाय न्यायालयापुढे काही नसतेच. प्रकरण आभासी, म्हणजे ऑनलाइन चालणाऱ्या, न्यायालयाकडे गेले असेल तर तिथे दंड भरणे आणि खटला लढवणे असे दोन पर्याय दिसतात; दुसरा निवडला की ते नेहमीच्या न्यायालयाकडे वर्ग होते.

तिसरा कागद माहिती अधिकाराचा. जोडपत्र 'अ' मध्ये, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयापुरता; महाराष्ट्राच्या नियमांत तशी मर्यादा आहे. मागायचे काय, तर त्या ठिकाणच्या वेगमर्यादेची किंवा नो-पार्किंगची अधिसूचना, यंत्राचे त्या तारखेला लागू असलेले मान्यता व तपासणी प्रमाणपत्र, आणि अमुक वेळ ते अमुक वेळ एवढेच चित्रण. 'त्या दिवशीचे सगळे फुटेज द्या' लिहिले की नकाराला आयते कारण मिळते. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पहिले अपील करता येते. चित्रण कालांतराने पुसले जात असल्यामुळे ते जपून ठेवण्याची विनंती वेगळ्या अर्जाने आधीच करावी. चलानाची कार्यपद्धती सांगणारा नियम १६७ आणि त्याखालच्या मुदती सरकार अधूनमधून बदलत असते, तेव्हा चलानावर आणि संदेशात जी मुदत छापली असेल तीच धरून चाला. जुन्या लेखातली पाठ केलेली मुदत उपयोगाची नाही.

समन्स आले की त्यावरचा खटला क्रमांक, न्यायालयाचा कक्ष आणि तारीख पाहा. क्रमांकाआधी बहुधा 'एस.सी.सी.' असते, म्हणजे संक्षिप्त फौजदारी खटला. ई-कोर्टच्या संकेतस्थळावर १६ अक्षरी सीएनआर क्रमांक (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला की पुढच्या तारखा घरबसल्या दिसतात. समन्सवर एक सवलतही लिहिलेली असते: मोटार वाहन अधिनियमाच्या कलम २०८ प्रमाणे ठरलेल्या तारखेपूर्वी नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करून नमूद रक्कम पाठवता येते, आणि तसे केले तर त्या कबुलीमुळे परवाना अपात्र होत नाही. ज्याला लढायचेच नाही त्याच्यासाठी हा मार्ग लोकअदालतीच्या रांगेपेक्षा बरा.

ज्याला लढायचे आहे त्याने पहिल्या तारखेला न्यायालय बसण्यापूर्वी पोहोचावे. सोबत आधार, परवाना, आरसी, विमा, पीयूसी यांच्या मूळ प्रती आणि दोन-दोन झेरॉक्स, दोन पासपोर्ट फोटो, कोरे कागद आणि काही कोर्ट फी स्टॅम्प असू द्या. कोणत्या अर्जाला किती स्टॅम्प ते कक्षातल्या कारकुनाला विचारावे. दाराजवळच्या बोर्डावर आपला क्रमांक पाहून आतच बसावे. चहाला गेलेला माणूस पुकाऱ्याला नसतो, आणि गैरहजेरी लागली की पुढे जामीनपात्र वॉरंटाची भानगड. आवारात 'कबूल करा, आत्ता संपवून देतो' म्हणणारे भेटतील. त्यांचे काम गठ्ठा संपवण्याचे असते.

पुकारा झाल्यावर न्यायाधीश गुन्ह्याचा तपशील वाचून दाखवतात आणि 'गुन्हा कबूल आहे का?' विचारतात. इथे चार शब्द बोलायचे: 'नाही, मला कबूल नाही.' 'साहेब, मी थोडा घाईत होतो, पण...' अशी सुरुवात केलीत की ती कबुली म्हणून नोंदली जाऊ शकते, आणि कबुलीवर झालेल्या शिक्षेविरुद्ध शिक्षेचे प्रमाण वा कायदेशीरपणा सोडून अपील राहत नाही. गाऱ्हाणे, कुटुंबातले आजारपण, रस्त्यातले खड्डे यांतले काहीही या टप्प्यावर सांगायचे नसते. नाकबूल म्हटल्यावर लगेच एक लेखी अर्ज द्यावा: चलान, फोटो, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र, यंत्राचे प्रमाणपत्र आणि साक्षीदारांची यादी यांच्या प्रती मिळाव्यात. जातमुचलका, म्हणजे तारखांना हजर राहण्याची लेखी हमी, मागितला तर तो भरून द्यायचा. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. पुढच्या तारखांना येणे शक्य नसेल तर हजेरी माफीचा अर्ज कारणासह आधी द्यावा. तो प्रत्येक वेळी मंजूर होतोच असे नाही, म्हणून निर्णय कळेपर्यंत तारीख सोडू नये.

साक्षीच्या तारखेला कारवाई करणारा अंमलदार येतो. तो आलाच नाही तर रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या तारीखवार नोंदीत, तसे लिहिले गेले का ते पाहावे, आणि दोन-तीन तारखा असेच झाले तर फिर्यादी पक्षाचा पुरावा बंद करावा असा अर्ज द्यावा. तो आला तर उलटतपासणी तुम्हालाच करायची आहे. पाच-सहा प्रश्न आधी कागदावर उतरवा, प्रत्येक प्रश्नात एकच गोष्ट. फोटो कोणी काढला? कोणत्या यंत्रावर, शासकीय की स्वतःच्या मोबाइलवर? चलान तयार केले ती वेळ फोटोच्या वेळेनंतर किती? पाटी गाडीपासून किती अंतरावर होती, आणि ती या फोटोत दिसते का? गाडी कोण चालवत होते ते आपण पाहिले का? यंत्राचे प्रमाणपत्र आपण हजर केले आहे का? उत्तर आले की थांबायचे. 'मग तुम्ही माझ्यावर खोटे चलान का केले?' हा प्रश्न विचारलात की त्याला दहा मिनिटे बोलायची संधी मिळते, आणि त्या दहा मिनिटांत तो पुराव्यातली सगळी भोके बुजवतो. खासगी मोबाइलवर फोटो काढून नंतर चलान चढवू नये, असे खात्यातल्या वरिष्ठांनीही बजावलेले आहे, त्यामुळे यंत्राचा प्रश्न वगळू नये.

'गाडी मी चालवत नव्हतो' हा बचाव जपून वापरावा. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १३३ प्रमाणे पोलिसांनी विचारल्यावर चालकाचे नाव-पत्ता सांगणे मालकावर बंधनकारक आहे. गाडी भावाने नेली असेल तर तसे तक्रारीच्या वेळीच लेखी सांगा. साक्षीच्या दिवशी अचानक भाऊ आठवला तर कोणी विश्वास ठेवत नाही.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राबद्दल थोडे सविस्तर. 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल' या जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवले की चित्रणाची किंवा फोटोची प्रत पुरावा म्हणून दाखल करायची तर जुन्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ब चे प्रमाणपत्र हवेच; मूळ उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले तर त्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून हे कलम भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ झाले, आणि प्रमाणपत्राचा नमुना दोन भागांचा झाला: भाग 'अ' पुरावा देणाऱ्याचा, भाग 'ब' तज्ज्ञाचा, त्यात फाइलचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झाला तर बदलणारा तिचा अंकाक्षरी ठसा. पोलिसांच्या कागदांत हे प्रमाणपत्र नसेल तर फोटो वाचला जाण्याआधीच, 'प्रमाणपत्राअभावी माझी हरकत आहे' असे नोंदवून घ्यावे. नंतर आठवून उपयोग कमी. आणि हीच अट तुमच्या फोटोंनाही लागते, हे मात्र बहुतेक जण विसरतात. पाटी नसल्याचे तुम्ही काढलेले फोटो स्टुडिओतून छापून आणले म्हणजे पुरावा झाला नाही. सोपा मार्ग म्हणजे ज्या मोबाइलने फोटो काढले तोच न्यायालयात दाखवणे. खटला संपेपर्यंत तो मोबाइल विकू नये, फॉरमॅट करू नये. मूळ फाइल दुसरीकडे साठवताना व्हॉट्सअॅपवरून पाठवू नये. त्यात फोटोची प्रत आकसते आणि काढल्याची वेळ-जागा निघून जाते.

सरकारी साक्ष संपल्यावर न्यायाधीश नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली तुमचा जबाब घेतात. तो शपथेवर नसतो. तुम्हाला शपथेवर साक्ष द्यायची असेल, म्हणजे मोबाइल दाखवून फोटो सिद्ध करायचे असतील, तर तशी लेखी विनंती करावी लागते. मग सरकारी वकील तुमचीही उलटतपासणी घेतात. फास्टॅगचा उतारा, सर्व्हिस सेंटरचे जॉबकार्ड, कामावरच्या हजेरीची नोंद यांनी गाडी त्या वेळी दुसरीकडे होती हे दाखवता येते, पण ते कागद ज्याने दिले त्याला गरज पडल्यास साक्षीला बोलवावे लागेल याची मनाशी तयारी ठेवावी.

आता धोका. तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवते आणि ती कायद्यातल्या दंडापेक्षा कमी असू शकते. न्यायालयात दोषी ठरलात तर कायद्यातला आकडा लागू होतो. मोटार वाहन अधिनियमाच्या हेल्मेटच्या कलम १९४ड मध्ये १,००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र, असे दोन्ही आहे. सिग्नलच्या प्रकरणात चलानावर ११९ सह १७७ आहे की १८४, हे आधी पाहा. १७७ असेल तर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंतचा मामला. १८४ असेल तर पहिल्या गुन्ह्यालाच सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. १८४ लावलेले असेल, दारू पिऊन चालवल्याचा आरोप असेल किंवा अपघातात कोणी जखमी असेल, तर स्वतः उभे राहण्याचा हट्ट धरू नये. पैशाची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न पाहता मोफत वकील मिळतो. ५०० रुपयांच्या चलानासाठी रोजंदारी बुडवून चार तारखा घालणे परवडेल का, हा ज्याचा त्याचा हिशेब आहे. रोजावर जगणाऱ्याने पोर्टलवरची हरकत आणि लेखी पोहोच एवढे केले तरी पुष्कळ. ठळक चूक असलेली चलाने तिथेच रद्द होऊ शकतात.

निर्दोष सुटलात तर काम संपले असे समजून घरी जाऊ नका. निकालाची सही-शिक्क्याची नक्कल मागा, ती वाहतूक शाखेत देऊन पोहोच घ्या आणि पोर्टलवरची नोंद निघाली का ते महिन्याभराने तपासा. शिक्षा झाली आणि ती चुकीची वाटली तर सत्र न्यायालयात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे. नकलेसाठी अर्ज निकालाच्या दिवशीच टाकावा, कारण नक्कल मिळायला लागलेले दिवस त्या मुदतीतून वजा होतात.

या निमित्ताने वाहतूक शाखेकडे दोन मागण्या. यंत्राचे मान्यता प्रमाणपत्र आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र चलानासोबतच पोर्टलवर उतरवून घेता यावे. ते नियमाने असायलाच हवे, मग नागरिकाला माहिती अधिकाराचा फेरा कशाला? आणि लोकअदालतीच्या नोटिशीवर एक ओळ ठळक छापावी: 'चलान मान्य नसल्यास आपण न्यायालयात दाद मागू शकता, त्यासाठी अमुक खिडकीवर अर्ज द्यावा.' आपल्या दैनिकाला विनंती की लोकअदालतीची पुढची बातमी छापताना तिच्याखाली ही ओळ आणि आपल्या शहरातल्या मोटार वाहन न्यायालयाचा पत्ता चौकटीत द्यावा.

आपला विश्वासू,
एक वाचक, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे)